त्रेर केइरी : वेल्समधल्या लोहयुगीन गडावर जाण्याआधी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वेल्सच्या वायव्येला लीन नावाचं द्वीपकल्प आयरिश समुद्रात लांबवर शिरलं आहे. त्याच्या उत्तर किनाऱ्यावर तीन शिखरांचा एक डोंगर उभा आहे. त्यातल्या पूर्वेकडच्या शिखरावर दगडी तटबंदीच्या आत सुमारे दीडशे घरांची जोती दोन हजार वर्षं ऊनपाऊस खात पडून आहेत. ब्रिटनमध्ये राहणारे मराठी ट्रेकर एरिरीला, म्हणजे ज्याला आपण आतापर्यंत स्नोडोनिया म्हणत आलो तिथे, सुट्टीत हमखास जातात. तिथून तासाभराच्या अंतरावरचा हा गड मात्र बहुतेकांचा राहून जातो. मी तिथे पाच वेळा गेलो आहे. पहिल्या फेरीनंतर लोकांनी जे विचारलं आणि नंतरही जे विचारत राहिले, ते सगळं इथे एकत्र केलं आहे.

हे नाव कसं उच्चारायचं? अर्थ काय?

त्रेर केइरी. ‘त्रेव्ह’ म्हणजे गाव, वस्ती. ‘केइरी’ हे ‘कावर’ म्हणजे राक्षस, महाकाय पुरुष, या शब्दाच्या अनेकवचनाचं बोलीतलं रूप. राक्षसांचं गाव. एवढे दगड एवढ्या उंचीवर माणसांनी चढवले असतील यावर नंतरच्या लोकांचा विश्वासच बसला नाही. आपल्याकडे डोंगरात लेणी दिसली की ती पांडवांनी एका रात्रीत कोरलेली असतात, तसंच हे. अशा गोल घरांच्या अवशेषांना वेल्समध्ये आणखी एक जुनं नाव आहे, त्याचा अर्थ ‘आयरिश लोकांच्या झोपड्या’. तेही असंच, आपल्या पूर्वजांचं श्रेय दुसऱ्याला देऊन टाकणारं.

डोंगराचं नाव अर ऐव्हल. इंग्रजी नकाशावर त्याला ‘द रायव्हल्स’ म्हणतात. तिथे कोणाचं कोणाशी वैर नाही. ‘ऐव्हल’च्या उच्चाराचा तो इंग्रजांच्या कानाला ऐकू आलेला अपभ्रंश आहे.

पायथ्याच्या गावाच्या, लानऐलहाएर्नच्या, नावातला पहिला ‘ल’ वेगळा आहे. जीभ ‘ल’च्या जागी ठेवायची आणि कडेने नुसती हवा सोडायची. चुकलं तरी चालेल. प्रयत्न केलेला लोकांना कळतो आणि आवडतो.

हा किल्ला नक्की किती जुना?

इथे एक तारीख सांगून भागत नाही, कारण माथ्यावर तीन काळ एकमेकांशेजारी आहेत.

सगळ्यात जुनी आहे ती माथ्यावरची दगडांची रास. ती कांस्ययुगातली समाधी आहे, गडापेक्षा हजाराहून अधिक वर्षांनी जुनी. त्यानंतरची तटबंदी. ती लोहयुगातली, साधारण इ.स.पू. २०० च्या सुमाराची मानतात. आणि उत्खननात सापडलेल्या वस्तूंपैकी बहुतेक त्याहीनंतरच्या, इ.स. १५० ते ४०० या काळातल्या, म्हणजे वेल्सवर रोमन सत्ता असतानाच्या.

शेवटच्या गोष्टीवर थोडं थांबायला हवं. रोमन सैन्याने या भागातल्या ऑर्डोव्हिकेस जमातीचा इ.स. ७७-७८ च्या सुमारास मोड केला. त्याच सुमारास आजच्या काएरनार्व्हनमध्ये सेगॉन्टियम नावाचं लष्करी ठाणं उभं राहिलं. गडावरून ती दिशा उघड्या डोळ्यांनी दिसते. सत्ता अशी हाकेच्या अंतरावर बसलेली असताना इथे मात्र तटाच्या आत संसार चालू राहिले, उलट वाढलेच. आधीची मोठी गोल घरं मधे भिंती घालून विभागली गेली, नवी छोटी घरं त्यांना चिकटून उठली. वाटण्या झालेला जुना वाडा पाहिला असेल तर ही रचना वेगळी समजावून सांगावी लागत नाही.

सह्याद्रीतले किल्ले पाहिलेल्या माणसाला इथे काय नवीन?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त विचारला जातो. उंचीची तुलना करू नका. शिखर ४८५ मीटर आहे. आपल्या हरिश्चंद्रगडाच्या १,४२४ मीटरपुढे ते टेकाडच. इथे बुरूज नाहीत, तोफा नाहीत, जंग्या नाहीत, खडकात खोदलेली टाकी नाहीत, शिलालेख तर नाहीच, कारण बांधणाऱ्यांना लिपी नव्हती. गड कोणी कोणाकडून जिंकला, किल्लेदार कोण होता, यातलं काहीही कोणालाही ठाऊक नाही. ज्याला इतिहास म्हणजे लढाया वाटतात त्याच्या हाती इथे काही लागत नाही.

पण सह्याद्रीत आपण जे पाहायला तरसतो ते इथे आहे. रायगडावर बाजारपेठेच्या जोत्यांमधून हिंडताना आपण घरं डोळ्यांपुढे आणायचा प्रयत्न करतो ना, ते इथे फार सोपं जातं. उंबरा दिसतो, आत शिरायची जागा दिसते, शेजारच्या घराची भिंत दिसते, दोन घरांमधली बोळ दिसते. मी याला किल्ला म्हणतो ते सवयीने. हे तटबंदीतलं गाव आहे, आणि गाव म्हणून पाहिलं तरच ते उलगडतं.

आणि बांधकाम! कोकणातले गडगे आठवा. चुना नाही, माती नाही, दगडावर दगड. हा तट म्हणजे तसाच एक प्रचंड गडगा. दोन्ही अंगांना मोठे दगड निवडून रचलेले आणि पोटात लहान दगडांची भर. काही ठिकाणी तो अजून साडेतीन मीटर उंच उभा आहे. उत्तरेच्या बाजूला तटावरची फांजीसुद्धा टिकली आहे, आणि तिच्यावर चढायचे उतारही. चुन्याशिवाय, दोन हजार वर्षं, थेट समुद्रावरून येणाऱ्या वाऱ्यात.

तिथे पोहोचायचं कसं?

गाडी असेल तर सोपं. मँचेस्टरहून अडीच-तीन तास, लंडनहून साडेपाच-सहा. काएरनार्व्हनहून प्वेल्हेलीकडे जाणाऱ्या ए-४९९ रस्त्यावर लानऐलहाएर्न लागतं. तिथून बी-४४१७ रस्ता लिथ्वाइनकडे वळतो. गाव मागे टाकल्यावर साधारण दीड किलोमीटरवर उजव्या हाताला रस्त्याच्या कडेला गाड्या लावायची छोटी जागा आहे. चार-पाच गाड्यांनी ती भरते. भरली असेल तर शेताच्या फाटकापुढे गाडी लावू नका. आत जनावरं असतात, आणि शेतकऱ्याला दिवसातून किती वेळा ये-जा करावी लागते हे आपण खेड्यातून आलेल्यांना वेगळं सांगायला नको.

गाडी नसेल तर बँगॉरपर्यंत किंवा प्वेल्हेलीपर्यंत रेल्वे आहे. काएरनार्व्हन ते प्वेल्हेली बस लानऐलहाएर्नमधून जाते. रविवारचं वेळापत्रक आधी बघून घ्या. परतीची बस चुकली तर तिथे पर्याय कमी असतात.

चढ किती? आई-बाबा भारतातून आले आहेत, त्यांना जमेल का?

रस्त्यापासून गडाच्या दरवाजापर्यंत पाऊण ते एक तास, सावकाश गेलं तर सव्वा. सुरुवातीला गवताळ कुरणातून पायवाट जाते, मग हेदरच्या झुडपांतून, आणि शेवटी दगड सुरू होतात. शेवटचा टप्पाच काय तो चढणीचा. दोर लावण्यासारखं काही नाही.

आई-बाबांबद्दल प्रामाणिकपणे सांगतो. चढ त्यांना जमेल. अडचण गडाच्या आत आहे. आत सपाट जमीन जवळजवळ नाहीच, सगळीकडे सुटे, डुगडुगणारे दगड. गुडघ्यांचा त्रास असेल तर मुख्य दरवाजापर्यंत जाऊन तिथल्या पहिल्या काही घरांपाशी बसावं. माझी आई तशीच बसली होती. तासाभराने आम्ही परत आलो तेव्हा तिने आम्हाला एक गोष्ट दाखवली जी आम्ही तिघेही ओलांडून पुढे गेलो होतो: घराच्या दाराचं तोंड वाऱ्याकडे पाठ करून होतं. ‘कुडाचं घर बांधतानाही आपले लोक आधी हेच बघायचे,’ ती म्हणाली.

लांबचा रस्ता आहे असं ऐकलं. तो घ्यावा का?

दिवस हाताशी असेल तर जरूर घ्या. लिथ्वाइन गावाच्या वर, नांत गुर्थेर्नच्या दरीकडे उतरणाऱ्या रस्त्याच्या तोंडाशी गाडी लावायची. तिथून मधल्या, सगळ्यात उंच, सुमारे ५६० मीटरच्या शिखरावर चढायचं आणि मग खिंडीत उतरून त्रेर केइरीवर यायचं. फायदा असा की मधल्या शिखरावरून गडाचा अख्खा आराखडा नकाशासारखा खाली दिसतो: लांबट तट आणि आत मधमाश्यांच्या पोळ्यासारखी घरं. उतरताना घसारा आहे, काठी असलेली बरी.

खालची नांत गुर्थेर्न दरी हा स्वतंत्र विषय आहे. तिथे दगडखाणीच्या कामगारांची वस्ती होती, ती ओस पडली, आणि आता त्याच घरांमध्ये वेल्श भाषा शिकवणारं राष्ट्रीय केंद्र चालतं. आपल्या भाषेबद्दल तळमळ असलेल्या प्रत्येक मराठी माणसाने ते एकदा बघावं असं मला मनापासून वाटतं.

कोणत्या महिन्यात जावं?

मे ते सप्टेंबर. त्यातही ऑगस्ट. तेव्हा हेदर फुलतं आणि सगळा डोंगर जांभळा होतो. करड्या तटाभोवती तो रंग पाहायला मिळाला तर दिवस सार्थकी लागला. वसंतात झुडपं खुरटलेली असतात, तेव्हा दगडांची रचना मात्र जास्त स्पष्ट दिसते. हिवाळ्यात दिवस फार लहान, दगड निसरडे. तेव्हा टाळा.

हवामान बिघडलं तर?

परत फिरा. माझी दुसरी फेरी अशीच फुकट गेली. खाली ऊन होतं. निम्म्यावर पोहोचलो आणि समुद्राकडून ढग चढून आला. दहा मिनिटांत दहा पावलांपलीकडचं दिसेना. सुट्या दगडांत वाट शोधत पुढे जाण्यात अर्थ नव्हता, आम्ही उतरलो. खाली पुन्हा ऊन होतं आणि वर डोंगराने टोपी घातल्यासारखा तो ढग तसाच बसलेला.

वाऱ्याला मात्र गृहीतच धरा. जुलैतसुद्धा वारा अडवणारं जाकीट लागतं. घोटा झाकणारे, तळव्याला पकड असलेले बूट घाला. पाणी बरोबर घ्या, वर काही मिळत नाही, शौचालयही नाही. ऑर्डनन्स सर्व्हेचा एक्सप्लोरर २५४ हा नकाशा फोनमध्ये उतरवून ठेवा. कोणी जायबंदी झालं तर ९९९ लावून आधी पोलीस आणि मग माउंटन रेस्क्यू मागायचं, हा क्रम लक्षात ठेवा.

प्रवेश फी? वेळ? गाईड?

फी नाही, वेळेचं बंधन नाही, गाईड नाही. कुत्रा नेणार असाल तर पट्टा बांधून. डोंगरावर मेंढ्या चरतात.

आत गेल्यावर नेमकं काय काय बघायचं?

नैऋत्येकडच्या मुख्य दरवाजाने आत शिरा. शिरताना दोन्ही बाजूंच्या भिंतींची जाडी बघा. बाहेरून येणाऱ्याला अरुंद बोळातून, दोन्हीकडून तटाच्या नजरेखाली यावं लागतं. दरवाजा कसा बांधावा ही अक्कल सगळ्या जगात सारखीच सुचलेली दिसते.

मग घाईने माथ्यावर जाऊ नका. बहुतेक लोक तेच करतात. फोटो काढतात, समुद्र बघतात, उतरतात. आधी एखाद्या घरात जाऊन बसा. लहान घर तीनेक मीटर रुंद असतं, मोठं सात-आठ. भिंती काही ठिकाणी गुडघ्याएवढ्या, काही ठिकाणी कमरेएवढ्या उरल्या आहेत. वर लाकडी वाशांवर गवताचं किंवा तशाच कसल्या शाकारणीचं शंकूसारखं छप्पर असणार. आत खाली बसलात की वारा बंद होतो. हळूहळू नाही, एकदम. दार लोटून घेतल्यासारखा. बाहेर कान बधिर होत असतात आणि आत तुम्हाला स्वतःचा श्वास ऐकू येतो. पहिल्यांदा हे झालं तेव्हा मी माहितीपुस्तिका मिटून ठेवली. दगडांवर फिकट हिरवट शेवाळी बुरशी धरलेली असते. तिच्यावरून हात फिरवला की खरखरीत लागते, सुकलेल्या भाकरीच्या पापुद्र्यासारखी.

त्यानंतर उत्तरेचा छोटा दिंडी दरवाजा शोधा. मोठे दोन दरवाजे सोडले तर असे आणखी काही लहान दरवाजे तटात आहेत. उत्तरेचा हा दरवाजा खालच्या झऱ्याकडे जाण्यासाठी असावा असं मानतात. पाण्याच्या वाटेवर किती पावलं झिजली असतील! एका वेळी एकच माणूस जाईल एवढाच तो आहे. वायव्येला बाहेरून दुसरा एक तट दिसतो, आणि तटाबाहेर दगडी आवारं. ती बहुधा जनावरांसाठी असावीत.

सगळ्यात शेवटी माथा. ती कांस्ययुगीन समाधी तिथे आहे. एक गोष्ट लक्षात घ्या: गड बांधताना दगडांची केवढी गरज होती! आणि रास तर आयती समोर. तरीही त्यांनी ती मोडली नाही, तटाच्या आत घेतली. कोण पुरलेलं आहे हे त्यांनाही ठाऊक असण्याची शक्यता नाही. तरी पिढ्यान् पिढ्या तिच्या सावलीत राहिले.

हवा स्वच्छ असेल तर माथ्यावरून उत्तरेला अँगलसी बेट, पूर्वेला एरिरीची शिखरं आणि पश्चिमेला कधीकधी आयर्लंडमधले विकलोचे डोंगर दिसतात.

लोक एवढ्या उंचीवर, वाऱ्यात का राहत होते?

याचं एकच उत्तर अभ्यासक देत नाहीत. काहींच्या मते ही उन्हाळी वस्ती होती. खालच्या शेतांची कामं आटोपली की गुरं घेऊन वर यायचं. काहींच्या मते संकटात आसरा घेण्याची जागा. दीडशे घरांचा पसारा बघता मला नुसत्या आसऱ्याची कल्पना पटत नाही. चार दिवस लपायला आलेला माणूस घराला आतून भिंत घालून दोन खोल्या करत नाही. उन्हाळी वस्तीची कल्पना जास्त जवळची वाटते. घाटमाथ्यावर गुरं घेऊन जाणारे धनगर ज्यांनी पाहिले आहेत त्यांनाही वाटेल. उत्खननात मडक्यांचे तुकडे, मणी, लोखंडी अवजारं निघाली. घरातल्याच वस्तू आहेत या, छावणीतल्या नाहीत.

उत्खनन कोणी केलं?

१९०३ मध्ये हॅरल्ड ह्यूज आणि साबाइन बेअरिंग-गूल्ड यांनी. ह्यूज १९०६ मध्ये पुन्हा आले. पुढे १९५६ मध्ये ए. एच. ए. हॉग यांनी काम केलं. १९८९ ते १९९९ या दहा वर्षांत तट आणि घरं ढासळू नयेत म्हणून मोठं जतनकाम झालं. आज आपण जे बघतो ते त्या दहा वर्षांच्या कष्टांमुळे उभं आहे.

तटावर चढून फोटो काढला तर चालेल का? मुलांनी दगडांचे मनोरे रचले तर?

दोन्हीला नाही, आणि हे मी हात जोडून सांगतो. चुना नसलेल्या भिंतीत प्रत्येक दगड शेजारच्या चार दगडांच्या भरवशावर असतो. वरचा एक घसरला की पोटातली भर सुटते, मग एका पावसाळ्यात हातभर भिंत जाते. माझ्या मुलीनेही एका घरात बसल्या बसल्या पाच दगडांचा मनोरा रचला होता. सुंदर होता. पण त्यातला सगळ्यात खालचा दगड तिने कुठून घेतला ते तिला आठवेना, आणि आम्ही अर्धा तास त्याची जागा शोधत होतो. ती सापडली नाही. भिंतीच्या आतल्या बाजूला कुठेतरी एक खाच कायमची रिकामी राहिली आहे.

ही संरक्षित वास्तू आहे. वेल्सच्या २०२३ च्या ऐतिहासिक वारसा कायद्यानुसार इथे नुकसान करणं गुन्हा आहे आणि परवानगीशिवाय मेटल डिटेक्टर वापरणंही. जमीनमालकाच्या परवानगीशिवाय तंबू ठोकता येत नाही. एखादं खापर दिसलं तर उचलू नका, जागेवरच फोटो काढा.

महाराष्ट्रात इतक्या जुन्या काळातलं असं काही आहे का?

डोंगरावर नाही, पण घोड नदीच्या काठी आहे. पुणे जिल्ह्यातल्या इनामगावला डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ अशी उत्खननं केली. तिथली ताम्रपाषाणयुगीन वस्ती साधारण इ.स.पू. १६०० ते ७०० या काळातली, म्हणजे त्रेर केइरीच्या तटाहून बरीच जुनी. तिथेही तटबंदी आणि खंदक होता. आणि विशेष म्हणजे सुरुवातीची घरं चौकोनी होती, शेवटच्या काळात दिवस पालटले तेव्हा लोक लहान गोल झोपड्यांमध्ये राहू लागले. फरक एवढाच की ती मातीची घरं होती. जमिनीवर आज उभं काही दिसत नाही, त्यामुळे तिथे जाऊन त्रेर केइरीसारखं घरात बसता येत नाही.

जवळपास आणखी असे गड आहेत?

आहेत. नेव्हिन गावाशेजारी गार्न बोडुआन, तिथे सुमारे १७० घरांचे अवशेष आहेत, पण झाडीमुळे शोधावे लागतात. आणखी पश्चिमेला ३७१ मीटर उंचीचा गार्न व्हाद्रिन. दोन दिवस असतील तर तिन्ही होतात. एकच करायचा तर त्रेर केइरी.

डोंगरावर ती काळी-निळी छोटी फळं असतात, ती खातात का?

हो, बिलबेरी. वेल्शमध्ये तिला ‘लिस’ म्हणतात, तोच हवा सोडायचा ‘ल’. जुलै-ऑगस्टमध्ये हेदरच्या बुडाशी पिकतात. चव आपल्या करवंदासारखी आंबट-गोड, जीभ आणि बोटं तशीच रंगतात. ओळख पक्की असेल तरच तोडा, आणि तोडताना झुडपाबरोबर दगड हलणार नाही एवढं बघा.